कार्बनतंतु-प्रबलित ऊष्मामृदू संमिश्रे : भंग-चिवटपणाचा विकास

उष्णतेने मऊ व थंड केल्यावर पुन्हा घट्ट होणाऱ्या बहुवारिकाच्या आधारद्रव्यात कार्बनाचे तंतू बसवून ही संमिश्रे तयार करतात. भेग पसरण्यास पदार्थ जो विरोध करतो, त्यास भंग-चिवटपणा म्हणतात. हा गुणधर्म बलाहून भिन्न आहे. तंतूंनी तडा अडविण्याचे तत्त्व जुने असून वऱ्हाडात मातीच्या भिंतींच्या लिंपणात कुटार मिसळतात ते याचसाठी. परंतु थरयुक्त संमिश्रात तंतू थराच्या प्रतलातच असतात. त्यामुळे दोन थरांमधील भेग अडविण्याचे कार्य मुख्यत्वे आधारद्रव्यावर पडते.

इतिहास : ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये भेगेच्या वाढीचा ऊर्जेशी संबंध दाखविला. १९६० नंतरच्या दशकात फार्नबरो (इंग्लंड) येथे उच्च बलाचे कार्बन तंतू तयार झाले. त्यांपासून रोल्स-रॉइस कंपनीने आरबी-२११ एंजिनाच्या पंख्याची पाती बनविली. मात्र १९७० मध्ये पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत. त्यांऐवजी टिटॅनियमाची पाती घ्यावी लागली. वाढत्या खर्चामुळे १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनीचे दिवाळे निघाले. केवळ बलावर विसंबता येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

तत्कालीन एपॉक्सी संमिश्रांत थर विलग करण्यास दर चौ. मीटरला सु. ०.१ ते ०.२५ किलोजूल ऊर्जा पुरे. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीने पॉलिईथर ईथर कीटोन (पीक) हे ऊष्मामृदू बहुवारिक विकसित केले व १९८० नंतर त्याची कार्बन संमिश्रे बाजारात आणली. त्यांत हे मूल्य सु. १.५ ते २ किलोजूल झाले. भेगेच्या टोकाशी बहुवारिक ताणले जाऊन ऊर्जा शोषते, हे त्याचे कारण होय. मात्र तंतू दाटीने असल्याने ताणास जागा अपुरी पडते; म्हणून शुद्ध बहुवारिकाचा संपूर्ण चिवटपणा संमिश्रात उतरत नाही. तंतू व आधारद्रव्य यांचे आसंजनही चांगले असावे लागते. सावकाश थंड केल्यास स्फटिकमयता वाढते व चिवटपणा घटतो.

भारतात मुंबईच्या घरडा केमिकल्स या कंपनीने पीकचे उत्पादन पानोळी (गुजरात) येथे केले. पुढे तो व्यवसाय बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीकडे गेला.

या संमिश्रांवर सु. ३८०° ते ४००° से. तापमानास संस्करण करावे लागते व बहुवारिकही महाग असते. त्यामुळे एपॉक्सी मागे पडले नाही. उलट त्यातच ऊष्मामृदू कण मिसळून चिवटपणा वाढविण्याची पद्धत विमानबांधणीत रूढ झाली.