'ऊमरा' : वऱ्हाडातील एका शहराचे नाव कापसाच्या गाठीवर कसे गेले

१/
एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस बाजारातील दरपत्रकांत 'ऊमरा' नावाचा एक हिंदुस्थानी प्रकार असे. हे नाव अमरावतीचे. इंग्रजी कागदपत्रांतील 'उमरावती' व्यापाऱ्यांच्या तोंडी झिजून 'ऊमरा' झाली. मोठी नदी नाही, राजगादी नाही, असे हे शहर सातासमुद्रापार कसे पोहोचले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

२/
आधी भूगोल. वऱ्हाडाचे तीन पट्टे पडतात. उत्तरेला सातपुड्यातील मेळघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा बालाघाट आणि मधल्या सखल भागात पयानघाट, म्हणजे पूर्णेचे खोरे. पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. या खोऱ्यातील खोल काळी माती पावसाचे पाणी महिनोन् महिने धरून ठेवते. विहिरीच्या पाण्याविना कापूस येतो, तो या मातीमुळे.

३/
याच खोऱ्यात खारपाणपट्टाही आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट आहे. त्यावर बागायत फुलत नाही. पुढे १९३० च्या सविनय कायदेभंगात समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे मिठाचा सत्याग्रह होऊ शकला, तो या खाऱ्या विहिरींमुळेच.

४/
मात्र वऱ्हाडाचे जुने केंद्र अमरावती नव्हते. ते होते अचलपूर, अर्थात एलिचपूर. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले हे शहर इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी होते. पाठीशी गाविलगड आणि उत्तरेकडे जाणाऱ्या घाटवाटा. डोंगर आणि किल्ला ज्याच्या हाती, वऱ्हाड त्याचे, असा तो काळ होता.

५/
हे गणित १८०३ मध्ये बिघडले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने २९ नोव्हेंबरला अडगाव (आजच्या अकोला जिल्ह्यात) येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशावरचा हक्क दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाकडे गेला.

६/
निजामी अमलात अमरावती ही सावकारांची आणि व्यापाऱ्यांची पेठ म्हणून वाढत होती. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून तिचे रक्षण व्हावे म्हणून १८०७ मध्ये दगडी परकोटाचे काम सुरू झाले. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे त्याच तटबंदीची. लहान दरवाजांना 'खिडकी' म्हणत. त्यांपैकी खुनारी खिडकीचे नाव १८१८ मधील रक्तपातावरून पडल्याचे सांगितले जाते.

७/
या पेठेतील कापूस तेव्हा प्रामुख्याने ईशान्येला जाई. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून नागपूरमार्गे गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. पाचशे मैलांहून अधिक वाट. वाटेत धूळ, पाऊस आणि ठिकठिकाणची जकात. मुंबईकडे मोठ्या प्रमाणात माल नेण्याची सुरुवात १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीने केली.

८/
आता १८५३ चे दोन महिने पाहावेत. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. २० एप्रिलला गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस हवा आहे आणि तो बंदरापर्यंत आणण्याची सोय नाही, हा त्यातील एक ठळक मुद्दा होता. २१ मे रोजी निजामाशी तह झाला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले.

९/
तहाचे कारण सांगितले गेले ते कर्जाचे. 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा, पण ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत असायची. खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि तिच्या फेडीसाठी वऱ्हाडाचा महसूल तोडून देण्यात आला. कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. इंग्रजी दप्तरांत या मुलखाचे नाव पडले 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. थोडक्यात, गहाण पडलेले जिल्हे.

१०/
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला. हिंदुस्थानी कापसाचे भाव कैक पटींनी चढले. वऱ्हाडात ज्वारीची रानेही पऱ्हाटीखाली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, मुंबईतील सट्ट्याचा फुगा फुटला आणि भाव कोसळले. तेजीत काढलेले कर्ज मात्र शेतकऱ्याच्या नावावर तसेच राहिले.

११/
तोवर रूळ वऱ्हाडात शिरले होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळपासूनची शाखा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा मार्ग धरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. येथे नकाशा निर्णायक ठरला. अचलपूर या मार्गाच्या बरेच उत्तरेला राहिले. अमरावतीपासून बडनेरा अवघ्या दहा किलोमीटरांवर. पुढे तेथून शहरापर्यंत फाटाही आला. खामगावच्या कापूस बाजारासाठीही जलंबहून असाच एक फाटा टाकला गेला.

१२/
पूर्वी मिर्झापूरकडे वाहणारा कापूस आता मुंबईकडे वळला. बंजाऱ्यांच्या तांड्यांचा व्यवसाय मोडला. रेल्वेलगतच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी काढायची, रुई दाबायची, गाठी बांधायच्या आणि त्या बंदरावर धाडायच्या. कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरील नाव त्या काळच्या अहवालांत पानोपानी भेटते.

१३/
कारभाराचा नकाशाही बदलला. अमरावतीला कमिशनरची कचेरी आली आणि परकोटाबाहेर 'कॅम्प' वसला. मोर्णाकाठचे अकोला पश्चिम वऱ्हाडाचे मुख्य ठाणे झाले. एलिचपूरला जिल्ह्याचा दर्जा मिळाला होता. तोही १९०५ च्या पुनर्रचनेत गेला आणि तो मुलूख अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. एके काळची राजधानी आता तालुक्याचे गाव झाली.

१४/
'ऊमरा'चा दर्जाही टिकला नाही. वऱ्हाडात 'बनी' आणि 'जरी' असे दोन देशी वाण होते. बनीचा धागा लांब व तलम; जरीचा आखूड, पण पीक काटक आणि उताऱ्याला भरवशाचे. कर्ज आणि सारा डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याने जरी निवडली, यात नवल नाही. आखूड धाग्याच्या या कापसाला पुढे युरोप खंडातील आणि जपानच्या गिरण्यांचे गिऱ्हाईक मिळाले.

१५/
दुसरे लक्षात ठेवण्याजोगे वर्ष १८९७. वऱ्हाड १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळत होते. त्याच वर्षी 'वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा' झाला. त्याआधी १८८६ मध्ये कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला होता. आजच्या बाजार समित्यांची मुळे येथवर जातात. गिरण्यांना चोख माल रास्त भावात मिळावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

१६/
त्याच डिसेंबरात अमरावतीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. कापसाच्या पैशाने आणि इंग्रजी न्यायालयांनी या शहरात वकिलांचा जो वर्ग घडवला, तोच आता सरकारला जाब विचारू लागला होता. त्याच वर्गातील रंगनाथपंत मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

१७/
दुष्काळ एकदाच आला नाही. १८९९-१९०० चा त्याहून भीषण ठरला. १८९१ मध्ये वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. गाठी बंदरावर नेणारे रूळ जागेवर होते, धान्य आणण्याचीही सोय होती. पण ज्याच्याकडे ना साठवलेली ज्वारी ना हाती पैसा, त्याला बाजारातील धान्य विकत घेणे शक्य नव्हते.

१८/
१९०२ मध्ये कर्झनने निजामाशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आले आणि पुढील वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. एवढ्या मोठ्या सुपीक मुलखाचे भवितव्य ठरताना तेथील रयतेला कोणी विचारले नव्हते. १८०३ मध्ये नाही, १८५३ मध्ये नाही आणि १९०२ मध्येही नाही.

१९/
अचलपूरला रेल्वे मिळाली, पण फार उशिरा, विसाव्या शतकात. किलिक निक्सन कंपनीशी संबंधित खाजगी रेल्वेने मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळ येथे नॅरोगेज मार्ग टाकले. हीच लोकांची लाडकी 'शकुंतला'. कापसासाठी जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके खाजगी मालकीच्या रुळांवरून धावत राहिली. तोवर बाजार अमरावती-अकोल्यात स्थिरावला होता.

२०/
अमरावतीत गेल्यास हा इतिहास चालत वाचता येतो. अंबागेटजवळचा परकोट निजामी पेठेचा, 'कॅम्प' इंग्रजी अमलाचा आणि बडनेऱ्याचे स्थानक त्या रुळांचे, ज्यांनी अचलपूरचा मान अमरावतीकडे आणला. लिव्हरपूलच्या दरपत्रकातील 'ऊमरा' आता नाही. पण वऱ्हाडातील पऱ्हाटीचा भाव दूरच्या बाजारात ठरतो आणि त्याचा भार शेतात राबणाऱ्याच्या खात्यावर पडतो, ही १८६५ मधील रीत अजून मोडलेली नाही.

(समाप्त)