आधी व्हॅक्यूम, मग जाहिरात

मार्च उजाडला की पुणे, ठाणे, नागपूरच्या लहान एसी-व्यावसायिकांना चहूकडून एकच सल्ला मिळतो. गूगलवर पैसे भरून सर्वांत वर या, ‘फ्री इन्स्टॉलेशन’चा बोर्ड लावा, लीड विकणाऱ्या ॲपवर नाव नोंदवा, ओळखीच्यांकडून पाच-पाच स्टार लिहून घ्या. या मताचा पूर्वपक्ष दुबळा नाही, तो नीट मांडला पाहिजे. उकाड्याने हैराण झालेला ग्राहक दहा ठिकाणी चौकशी करत बसत नाही. मोबाइलवर वरची दोन-तीन नावे पाहून फोन लावतो. फ्लेअर काय, व्हॅक्यूम काय, यातले त्याला काही कळत नाही. कळतो तो दर. तेव्हा जो दिसेल आणि स्वस्त पडेल, त्याचा धंदा चालेल.

ग्राहकाला काम कळत नाही, हे यातले विधान मला पूर्ण मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

अर्थशास्त्राने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच हाताळला आहे. फिलिप नेल्सन यांनी 1970 साली मालाचे दोन वर्ग केले: घेण्याआधी पारखता येणारा आणि वापरल्यावरच कळणारा. 1973 साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा वर्ग दाखवून दिला: वापरल्यानंतरही ज्याचा कस सहजासहजी लागत नाही असा. दुरुस्तीची कामे या वर्गातली, आणि एसीची फिटिंगही. साडी निवडताना किंवा खानावळ बदलताना जाहिरातीने जे साधते, ते इथे साधत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी, तेही 1970 सालीच, जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, ग्राहकाला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर दर वाइटाच्या पातळीवर उतरतात आणि चांगला माल बाजारातून उठतो. ‘दर पाडा आणि दिसत राहा’ हा सल्ला चांगल्या कारागिराला नेमका त्याच उतारावर ढकलतो.

हे प्रत्यक्ष कामात कसे घडते ते पाहावे. स्प्लिट एसीच्या आउटडोअर युनिटमध्ये गॅस कारखान्यातूनच भरून येतो. भिंतीतून नेलेल्या कॉपर पाइपमध्ये आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये मात्र हवा असते, आणि हवेसोबत ओलावा. पंप लावून ती ओढून काढायची, आतला दाब 500 मायक्रॉनच्या खाली न्यायचा, पंप बंद करून आकडा टिकतो का ते बघायचे आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचे, ही खरी रीत. घाईतला माणूस युनिटमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. संध्याकाळी दोन्ही घरांतल्या खोल्या सारख्याच गार होतात, दोन्ही ग्राहक सारखेच खूश असतात, दोघेही पाच स्टार देतात. पण आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये साठून दाब वाढवते आणि विजेचे बिल चढत जाते. ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करतो. पाइपच्या घाईने आवळलेल्या फ्लेअर-जोडातून गॅस झिरपत राहतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरमालकाला ‘गॅस संपला’ असे सांगून पुन्हा पैसे घेतले जातात. वास्तविक एसीतला गॅस वापरून संपत नसतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. शिवाय आता आर-32 हा सौम्य ज्वलनशील गॅस सर्रास आला आहे, काही यंत्रांत आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन असतो. तो असा मोकळा सोडणे धोक्याचेही आहे.

आता जाहिरातीचा हिशेब याला जोडून पाहा. दोन माणसांची जोडी दिवसाला तीन-चार एसी नीट बसवू शकते. एप्रिल-मेमध्ये तेवढे फोन आपणहून येतात. जाहिरातीने त्यात आणखी चारांची भर पडली, तरी जोडी तीच आणि दिवसही तेवढाच. मग कापला जातो तो व्हॅक्यूमचा अर्धा तास. ‘फ्री इन्स्टॉलेशन’चा खर्चही कुठून तरी निघावाच लागतो: जादा पाइपच्या दरातून, पातळ पाइपमधून, हलक्या स्टँडमधून. सहाव्या मजल्याच्या बाहेर लटकून काम करणाऱ्या पोराला सेफ्टी बेल्ट नसतो, तोही याच हिशेबामुळे. ही स्पर्धा मला अनैतिक वाटते.

खोट्या अभिप्रायांबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिक्षा आहे, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 19000 हे मानक 2022 पासून आहे.

मग ग्राहक विश्वास ठेवतो कोणावर? आपल्याकडच्या नैयायिकांनी याचे उत्तर दिलेले आहे. जे स्वतः जाणता येत नाही तिथे शब्द प्रमाण मानावा, पण तो आप्ताचा. आणि आप्त म्हणजे ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात स्पष्ट म्हटले आहे. एसीच्या बाबतीत हा आप्त म्हणजे शेजारच्या काकू, सोसायटीचे सेक्रेटरी, इमारतीचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन. तीन उन्हाळे ज्यांचा एसी बिनतक्रार चालला, त्यांचा शब्द. 2019 च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यानुसार देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. तेव्हा येणारा ग्राहक बहुतांशी पहिल्यांदाच एसी घेणारा असणार, आणि असा माणूस आधी शेजाऱ्याला विचारतो.

यावर आक्षेप येईल की नव्याने दुकान टाकलेल्याकडे असे तीन उन्हाळ्यांचे साक्षीदार कुठून असणार? आक्षेप रास्त आहे. नकाशावर दुकानाचे नाव, फोन नंबर, वेळ आणि खऱ्या कामाचे फोटो असायलाच हवेत. त्याला पैसे पडत नाहीत. पण साक्षीदार तयार करण्याचा उपाय पहिल्या कामापासून हाती असतो. ग्राहक दरच विचारतो, कारण दराखेरीज दुसरे काही त्याच्यासमोर कोणी ठेवलेलेच नसते. प्रत्येक घरी एक कार्ड द्यावे. पाइप किती फूट, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत गेला, किती मिनिटे टिकला, करंट किती अँपियर, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा किती अंशांची, काम कोणी केले, तारीख. गेजचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. पुढच्या फेब्रुवारीत सर्व्हिसिंगला गेल्यावर तेच आकडे पुन्हा घेऊन मागच्यांशेजारी मांडावेत. न दिसणारे काम असे दिसू लागते, आणि ते कार्ड शेजाऱ्याला दाखवले जाते.

खरे सांगण्यानेही गिऱ्हाईक जोडले जाते. लहान खोलीला दीड टन नको, एक टन पुरेल. कोकणच्या दमट हवेत गरजेपेक्षा मोठा एसी ओलावा नीट काढत नाही. समुद्राजवळ आउटडोअर खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर लावू नका. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हॉलला कूलर पुरतो. असे सांगणाऱ्याची एखादी विक्री बुडते, पण पुढची दहा वर्षे त्या घरातला फोन त्यालाच येतो.

यंदाच्या सीझनसाठी जाहिरातीला जी रक्कम बाजूला काढली असेल, तिच्यातून आधी चांगला पंप, मायक्रॉन गेज, टॉर्क रेंच आणि उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकासाठी सेफ्टी बेल्ट घ्या. त्यातून काही उरले, तर जाहिरात जरूर करा.