सौदी अरेबियातील गर्भपात : कायदा आणि कॅथलिक भूमिका

सौदी अरेबियातील गर्भपातविषयक नियमांचा आधार ज्येष्ठ उलेमा परिषदेचा १९८७ मधील निर्णय क्रमांक १४० हा आहे. पहिल्या ४० दिवसांत शरियतमान्य कारणास्तव गर्भपात संमत आहे. दारिद्र्य हे असे कारण नव्हे. पुढे चार महिन्यांपर्यंत मातेस धोका असल्याचा वैद्यकीय समितीचा निर्वाळा लागतो. त्यानंतर केवळ तिचे प्राण वाचवण्यासाठी मुभा आहे.

कॅथलिक चर्च असे टप्पे मानत नाही. गर्भधारणेपासूनच मानवी जीवन अलंघ्य, ही भूमिका व्हॅटिकनने १९८७ मध्येच ‘दोनुम वितै’ या निवेदनात मांडली. त्यामुळे तेथे राहणाऱ्या वसई-गोव्याकडील कॅथलिक दांपत्याला कायद्याने दिलेली मुभाही धर्म नाकारतो. आणि सल्ल्यासाठी देशात एकही चर्च नाही. उत्तर अरेबियाच्या विकारिएटचा कारभार बहरीनमधून चालतो.