अठरा की एकवीस?

नीडहॅम हे अमेरिकेतल्या बॉस्टनजवळचं छोटं गाव. २००५ मध्ये तिथे तंबाखू विकत घेण्याचं वय २१ झालं. आसपास ते कमीच होतं. पोरं शेजारच्या गावात जाऊन सिगारेट आणतील, असंच कुणालाही वाटेल. पण २००६ ते २०१० या काळात तिथल्या हायस्कूलमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ७ वर आलं. शेजारी घट बरीच कमी होती. सोळा वर्षांच्या मुलाला सिगारेट बहुतेकदा वरच्या वर्गातला मित्र देतो, आणि शाळेत २१ वर्षांचा मित्र नसतो.

मला जास्त रस आहे तो मुलांच्या मतात. 'अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग सिगारेट का नाही?' हा तिथला नेहमीचा आक्षेप. तरीही २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत जवळपास दोन तृतीयांश शाळकरी मुलांनी २१ ला पाठिंबा दिला. ओढणाऱ्यांमध्ये तो कमी होता. डिसेंबर २०१९ मध्ये ही अट देशभर लागू झाली.

आपल्याकडे २००३ च्या कायद्यानुसार वय १८ आहे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत विक्रीला बंदीही आहे. ते वय वाढवायचं का, हे मला वाटतं आधी टपरीवर उभ्या असलेल्या मुलांनाच विचारावं.