अडकित्ता, प्रेस आणि तराजू

जुनं पितळ टाकून द्यायचं नाही, ही सवय आपल्या घरांना नवी नाही. रायफलच्या काडतुसाचंही तसंच आहे. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, आणि दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी, म्हणजे प्राइमर, निकामी होते. मागे उरते पितळेची पुंगळी. काडतुसातला सगळ्यांत महाग भाग हाच. तो पुन्हा भरून वापरावा, असं कुणाला तरी वाटणारच. अमेरिकेत ते लाखो लोकांना वाटलं आणि त्यातून घरी काडतुसं भरण्याच्या अवजारांचा मोठा धंदा उभा राहिला. या अवजारांच्या इतिहासाबद्दल आज मला बोलायचं आहे. आपल्याकडे दारूगोळा बनवायला 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो, त्यामुळे ही गोष्ट मुख्यतः तिकडचीच आहे.

सुरुवात एका छिद्रापासून करू. 1866 साली दोन लष्करी माणसांनी टोपीच्या दोन तऱ्हा पुढे आणल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या पुंगळीला बुडाशी दोन बारीक छिद्रं असत. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांच्या पुंगळीला मधोमध एकच. गंमत अशी, की पुढे अमेरिकेनं इंग्रजाची तऱ्हा उचलली आणि युरोपात बर्डनची रुजली. मधलं छिद्र एकच असलं की वरून सळई घालून जळलेली टोपी सहज बाहेर ढकलता येते. अमेरिकेत हा उद्योग घराघरात पोहोचला, त्याचं एक कारण हे छिद्र.

त्या काळी गरज होती ती काटकसरीची. 1870 च्या दशकात रेड्यांच्या मागे मैदानात हिंडणारे शिकारी शिसं आणि दारू घाऊक नेत आणि रात्री तळावर काडतुसं भरत. लष्करानंही 1880 च्या दशकात सरावासाठी भरण्याची अवजारं तुकड्यांना दिली. 1884 साली कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली. तिचं अवजार दिसायला थेट आपल्या अडकित्त्यासारखं. दोन दांड्या हातात धरून दाबायच्या, की टोपी बसते, गोळी बसते. काहींच्या टोकाला शिशाची गोळी ओतायचा साचाही असे. खिशात मावणारा कारखानाच तो! पुढे 1925 साली हा धंदा लायमन कंपनीकडे गेला.

तोवर काडतुसातली दारू बदलली होती. जुनी काळी दारू मापानं भरली तरी चाले. पुंगळी भरली की काम झालं. 1884 साली फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी बिनधुराची दारू तयार केली. ती कितीतरी जोरकस. तिथे अंदाज चालत नाही. प्रमाण थोडं चुकलं किंवा एका जातीऐवजी दुसरी दारू पडली, तर रायफलच फुटू शकते, आणि ती असते डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. म्हणून भरणाऱ्याच्या टेबलावर तराजू आला. त्याचं एकक ग्रेन. आपला जुना तोळा 180 ग्रेनांचा, म्हणजे एक ग्रेन साधारण अर्धी गुंज. आणि या तराजूला त्या ग्रेनाचाही दहावा भाग दाखवावा लागतो. सोनारसुद्धा इतका काटेकोर नसेल!

दुसऱ्या महायुद्धात नागरिकांना काडतुसं आणि गोळ्या मिळेनाशा झाल्या. 1943 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या घडवण्याच्या डाय बनवायला घेतल्या. ‘रॉक चक’ या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठीच्या त्या गोळ्या; त्यावरूनच आरसीबीएस हे नाव पडलं. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन यांनी सरकारची उरलेली दारू विकत घेऊन किरकोळ विकायला सुरुवात केली. स्वस्त दारू आली, आणि टेबलाला बोल्टनं आवळायचे भक्कम प्रेसही आले. लांब दांड्याचा जोर मिळाल्यानं फुगलेली पुंगळी पूर्ण मापात आणणं सोपं झालं.

ज्यांना तेही परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी 1958 साली छोटा संच काढला. आधी छऱ्याच्या बंदुकीसाठी, मग रायफलसाठी. हातोडीनं ठोकायचं आणि चमच्यानं दारू मोजायची. दुसऱ्या टोकाला 1980 च्या दशकात ॲरिझोनाच्या डिलन कंपनीचे प्रेस आले. त्यात एकदा दांडा ओढला की चार-पाच पुंगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळी कामं होतात, आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

आता नवख्यानं यातलं काय निवडावं? अनुभवी लोक बहुधा एका वेळी एकच पुंगळी धरणारा साधा प्रेस घ्यायला सांगतात. मला यात केवळ किमतीचा हिशेब दिसत नाही. प्रत्येक नव्या यंत्रानं हाताचे कष्ट कमी केले, पण डोळ्यांचं काम वाढवलं. साध्या प्रेसवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या राहतात, आणि दिवा धरून प्रत्येकीत दारू किती चढली आहे ते पाहता येतं. वेगवान यंत्रात तीच तपासणी दांडा फिरत असताना क्षणात उरकावी लागते. कारखान्यात तपासनीस वेगळे असतात. घरी कारागीर आणि तपासनीस एकच.

म्हणून या इतिहासातलं सगळ्यांत महत्त्वाचं अवजार मला प्रेस वाटत नाही, तराजू वाटतो. प्रेस भारी असला तर वेळ वाचेल, साधा असला तर थोडा जास्त लागेल. तराजू खोटा निघाला, तर तो दोष काडतूस उडेपर्यंत कुणाला दिसत नाही. ज्याला हे उमगलं, त्यानं पैसे आधी तराजूवर खर्च करावेत आणि घाई दाराबाहेर ठेवावी.