सारसांची गणती आणि समष्टीचे गणित

महाराष्ट्रात सारस पक्ष्याची जी काही विणीची ठाणी उरली आहेत, ती प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आहेत. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव, त्यांभोवतीच्या धानाच्या बांध्या आणि वैनगंगा व बाघ या नद्यांचे काठ एवढाच त्यांचा मुलूख. नदीपलीकडे मध्यप्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो व तेथेही हा पक्षी आहे. राज्यांची सीमा नदीच्या पात्रातून जात असली तरी पक्ष्यांच्या दृष्टीने दोन्ही तीर एकच होत. म्हणूनच दरवर्षी जून महिन्यात, पावसाळ्यापूर्वी पाणी मोजक्या ठिकाणी उरलेले असताना, गोंदिया, भंडारा व बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांत सारसांची एकत्रित गणती करण्याचा प्रघात पडला. स्थानिक ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते, शेतकरी व वनखात्याचे कर्मचारी पहाटेच पाणवठ्यांवर जाऊन पक्षी टिपतात. या शतकाच्या प्रारंभी गोंदियातील सारस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. पुढे ते काही डझनांपर्यंत गेले. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या गणतीच्या आकड्यांस न्यायालयीन महत्त्वही प्राप्त झाले.

परंतु डोकी मोजणे आणि समष्टी जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समष्टी म्हणजे एका प्रदेशात राहणाऱ्या व परस्परांत वीण करणाऱ्या एका जातीच्या जीवांचा समूह. त्याचे भवितव्य एकूण संख्येपेक्षा जन्म, मृत्यू, आगमन व निर्गमन यांच्या हिशेबावर ठरते. खेकड्यासारख्या अल्पायुषी व बहुप्रसव प्राण्याच्या बाबतीत हिशेब चुकला तर तो एकदोन हंगामांतच उघड होतो. दीर्घायुषी व मंदप्रसव प्राण्याचे तसे नाही. सारसाची मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर व मादी ती महिनाभर आळीपाळीने उबवितात आणि पिलास उडता येण्यास आणखी सुमारे तीन महिने लागतात. सम्राट जहांगिराने आपल्या पदरी असलेल्या लैला व मजनू या सारसांच्या उबवणीच्या नोंदी सतराव्या शतकाच्या आरंभी करून ठेवल्या आहेत. पक्ष्याच्या प्रजननाची अशी दिवसवार टिपणे त्या काळी विरळाच. त्या बादशहाची चिकाटी आजच्या संशोधक विद्यार्थ्यानेही हेवा करावा अशी होती. अशा पक्ष्याची वीण सलग काही वर्षे फसली तरी जुने पक्षी जिवंत असतात व जूनमधील आकडा फारसा हलत नाही. मग ती पिढी वार्धक्याने सरू लागते आणि संख्या एकाएकी कोसळते.

या भ्रमाची सर्वांत महागडी किंमत जगाने दिली ती तिमिंगिलांच्या, म्हणजे देवमाशांच्या बाबतीत. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग 1946 च्या करारातून निर्माण झाला, व अंटार्क्टिक समुद्रातील शिकारीची मर्यादा ‘नीलदेवमासा एकक’ या मापाने ठरू लागली : एक नीलदेवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. हे माप तेलाच्या व्यापाऱ्यास सोयीचे होते, जीवशास्त्रास मात्र ते घातक ठरले. नीलदेवमासे दुर्मीळ होत गेले तरी इतर जातींच्या बळावर एककांची बेरीज भरत राहिली. शेवटी 1960 च्या सुमारास आयोगाने डग्लस चॅपमन, के. रॅडवे ॲलन व सिडनी होल्ट या तिघांची समिती नेमली. मत्स्यशास्त्रात रुळलेली समष्टिगणिताची साधने त्यांनी देवमाशांस लावली, आणि शिकार प्रजननाच्या कुवतीपलीकडे गेली असल्याचे आकड्यांनिशी दाखवून दिले. तोवर नीलदेवमाशांच्या दृष्टीने फार उशीर झाला होता. एकक पद्धती तर 1972 पर्यंत टिकून राहिली.

त्या संशोधनातील एक विसंगती विसरता येत नाही. देवमाशाचे वय त्याच्या कानातील मेणासारख्या गुठळीच्या थरांवरून काढता येते, हे पर्व्हिसने 1955 मध्ये दाखविले. पण ती गुठळी मेलेल्या जनावराच्या कानातूनच काढावी लागे. शरीरात बसविलेल्या धातूच्या खुणाही शिकारीनंतरच हाती येत. कत्तल हेच ज्ञानाचे साधन होते. सारसाच्या अभ्यासकास हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणेच योग्य होय.

गोंदियाचे गणित या दृष्टीने मांडून पाहता येते. उदाहरणादाखल चाळीस पक्षी धरले व वर्षाकाठी शंभरांत पाच प्रौढ मरतात असे मानले, तर दरवर्षी दोन मृत्यू होतात. संख्या स्थिर राहावयाची तर दरवर्षी दोनच नवे पक्षी प्रौढत्वास पोचले पाहिजेत. दोन ही संख्या लहान वाटते. परंतु विजेच्या तारांना धडकून एका हंगामात दोन पक्षी अधिक दगावले, तर गरज दुप्पट होते. शिवाय एखाद्या जोडप्याने पंधरा वर्षे वीण केली, तर त्याची तीस अंडी होतात. त्यांतील दोनच पक्षी मोठे झाले तरी जोडप्याची जागा भरून निघते. या हिशेबाने एका विणीच्या पक्ष्याचे मोल पंधरा अंड्यांएवढे ठरते. घरट्यांची राखण आवश्यक आहे यात शंका नाही, आणि धानात घरटे आढळताच ते सांभाळणारे शेतकरी कौतुकास पात्र आहेत. तथापि अंडी वाचविण्याचे काम डोळ्यांत भरते म्हणून तारांचा प्रश्न मागे पडत असेल, तर गणित त्याच्या विरुद्ध आहे.

असे असता गणतीच्या तक्त्यात एका रकान्याची भर घालणे अगत्याचे ठरते. पहिल्या वर्षीच्या पिलाचे मस्तक तांबूस-बदामी पिसांनी झाकलेले असते, तर प्रौढाचे मस्तक लाल व बिनपिसांचे. जूनमध्ये मागील हंगामाचे पिलू पुष्कळदा आईबापांबरोबरच असते. तेव्हा ‘एकूण’ या रकान्याशेजारी ‘पिले’ हा रकाना काटेकोर भरला, तरी दहापंधरा वर्षांत प्रजननाचा आलेख हाती येईल. त्यासाठी कोणतेही खर्चिक उपकरण लागत नाही.

वाघाच्या बाबतीत अभ्यासकांची अडचण निराळ्या रीतीने सुटली आहे. अंगावरील पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो, आणि त्यामुळे स्वयंचलित छायाचित्रांवरून संख्येचा अंदाज बांधता येतो. 2013 मध्ये नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला ‘जय’ हा वाघ अशाच वैयक्तिक ओळखीमुळे सर्वांस परिचित झाला; 2016 नंतर तो दिसला नाही हेही त्यामुळेच कळले. सारसाच्या अंगावर अशी उपजत खूण नाही. पायात रंगीत कडे घालावे तर पक्षी पकडावा लागतो. जेथे हजारो पक्षी आहेत तेथे एखाददुसरा अपघात सोसता येतो. उत्तर प्रदेशात गोपी सुंदर यांच्यासारख्या अभ्यासकांस विस्तृत क्षेत्रात शेकडो जोडप्यांची निरीक्षणे करता आली. गोंदियात एक जोडपे बिथरून घरटे सोडून गेले तर वर्षाच्या हिशेबाचा मोठा भागच जातो.

अधिवासाची बाजूही इतिहासाशी निगडित आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील तलाव व बोड्या हे बहुतांशी कोहळी समाजाच्या जलकौशल्याचे फळ होय. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली; मालकी शासनाकडे गेली, आणि देखभालीची जुनी घडी विस्कटली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, पाणवनस्पती नाहीशा झाल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्रियांच्या सहभागाने देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. त्यामागे माशांचा विचार मुख्य होता. परंतु उथळ पाणी व कंद यांवर जगणाऱ्या सारसाचे त्यात कितपत भले होते, हे मोजून पाहण्याजोगे आहे. एका विद्यार्थ्याने चार-पाच पावसाळे काढल्यावाचून ते मोजता येणार नाही. पदव्युत्तर प्रबंधास मात्र एरवी एकच हंगाम मिळतो, आणि त्या एका हंगामात सारसाचे एक पिलूही प्रौढ होत नाही.