वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाईमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातल्या दोन शेजारी बेटांना जोडणारा, जगातील सर्वांत कमी अंतराचा नियमित प्रवासी हवाईमार्ग. लोगनएअर ही स्कॉटिश कंपनी तो १९६७ पासून चालवते.

अंतर : सुमारे २.७ किमी.; काही ठिकाणी २.८ असाही आकडा आढळतो. एडिंबरा विमानतळाची धावपट्टीच याच्या जवळपास लांबीची आहे. मधे पापा साउंड ही सामुद्रधुनी लागते. वेस्ट्रेचा विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला, पापा वेस्ट्रेच्या समोर असल्याने अंतर एवढे कमी भरते.

वेळ : वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात. चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत बहुधा दीड मिनिट लागते. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर ५३ सेकंदांत कापले, तो विक्रम मानला जातो. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी या मार्गावर १२,००० हून अधिक फेऱ्या केल्या. अंतराला वेगाने भागून उड्डाणाची वेळ काढण्याची नेहमीची रीत येथे लागू पडत नाही, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने या मार्गाचे खरे महत्त्व त्यातच आहे. ५३ सेकंदांच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी सुमारे १८३ किमी. येतो, तर दीड मिनिटाच्या हिशेबाने १०८. लांबच्या प्रवासात विमान ज्या स्थिर वेगाने बराच काळ उडते, तो टप्पा येथे येतच नाही; चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. त्यामुळे सगळी भिस्त वाऱ्यावर. वारा पाठीशी असला व समोरची धावपट्टी सरळ मिळाली तर वेळ वाचतो. वळसा घालून उतरावे लागले की तेवढ्यानेच तो वाढतो.

विमान : ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन पिस्टन इंजिने, पंख छताच्या पातळीवर, चाके न मिटणारी. आखूड धावपट्टीवरून ते सहज उठते. आठ प्रवासी व एकच वैमानिक. प्रवाशांसाठीच्या सूचना वैमानिकच आपल्या जागेवरून मागे वळून देतो, आणि त्याच्या शेजारच्या आसनावरही प्रवासी बसतो.

उपयोग : पर्यटक विक्रमाच्या ओढीने येतात, पण मार्ग टिकला आहे तो बेटवासीयांच्या गरजेवर. २०११ च्या जनगणनेनुसार पापा वेस्ट्रेवर ९० माणसे होती. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांची ये-जा याच विमानाने होते. पुष्कळ फेऱ्या ऑर्कनीचे मुख्य शहर असलेल्या कर्कवॉलहून निघून दोन्ही बेटे घेत परततात. बोटीने हीच सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे २५ मिनिटे लागतात.